ब्रेक दाबला की पळसदेव

चहाचा घोट आधी गिळा, मग ऐका. कारण या माणसानं एकदा बायकोला आणि पाळण्याला घेऊन मोटारसायकल थेट उजनीच्या पाण्यापर्यंत नेली होती, आणि तीही यंत्राच्या सांगण्यावरून. हो, तो माणूस मीच.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. मी बारामती एमआयडीसीत एका दूध कारखान्यात इलेक्ट्रिशियन. म्हणजे तारांच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं कारण नव्हतं, असं निदान मी समजत होतो. माझा धाकटा भाऊ जहाजावर नोकरीला. सुट्टीवर येताना त्यानं माझ्यासाठी एक जीपीएस आणला. मुठीत मावेल एवढं यंत्र, वर छोटा पडदा. ते आकाशातल्या उपग्रहांना विचारून सांगायचं की तुम्ही कुठं आहात आणि जायचं ठिकाण किती लांब आहे. आता मला सांगा, बारामतीत राहणाऱ्या माणसाला आपण बारामतीत आहोत हे उपग्रहाला कशाला विचारायचं? पण तेव्हा हा प्रश्न पडला नाही.

अडचण एकच होती. यंत्र चार सेल खायचं आणि दिवसभरात फस्त करायचं. चार सेलचे होतात सहा व्होल्ट. माझ्या जुन्या मोटारसायकलची बॅटरीही सहा व्होल्टची. हिशेब असा जुळला म्हटल्यावर मी कशाला थांबतोय? लाकडाचे चार खोटे सेल तासले, टोकांना खिळे ठोकले, तारा काढल्या आणि यंत्राच्या पोटात बसवले. हँडलवर नळाच्या पाइपचा क्लॅम्प, क्लॅम्पमध्ये ट्यूबचा रबर, रबरात यंत्र. मग गाडीवर बसलो, किल्ली फिरवली आणि टेस्ट लॅम्पनं करंट असलेली तार शोधली. सापडली, जोडली. पडदा उजळला.

त्या वेळी माझा उजवा पाय कुठं होता, ते मी पाहिलं नाही.

पुढच्याच रविवारी पळसदेवला बारसं होतं. माझ्या मेव्हणीला दुसरी मुलगी झाली होती. दुसरं बाळंतपण म्हणून बारसं सासरीच. पण पाळणा मात्र पणदऱ्याचा, माझ्या सासुरवाडीचा. त्या घरातलं प्रत्येक लेकरू त्याच लाकडी पाळण्यात नाव घेऊन उठलेलं. सासूबाई जीपमधून तो घेऊन जाणार होत्या. मीच म्हणालो, "पाळणा मी आणतो. यंत्र हाय माझ्याकडं. बाराच्या आत पोचतो."

माझी बायको सुनंदा म्हणाली, "अवो, पळसदेव हायवेवर हाय. त्याला यंत्र कशाला?"

बायकांना विज्ञानातलं काही कळत नाही, असं मी मनात म्हणालो. मोठ्यानं म्हणालो असतो तर ही गोष्ट सांगायला उरलो नसतो.

पळसदेवचा पत्ता यंत्राला आकड्यांत, म्हणजे अक्षांश-रेखांशांत, द्यावा लागायचा. आमच्या शेजारी आबा राहायचे, मोजणी खात्यातून रिटायर झालेले. त्यांच्या ट्रंकेत इंदापूर तालुक्याचा नकाशा होता. पट्टी लावून आम्ही आकडे काढले.

"आबा, नकाशा पक्का हाय ना?"

"सरकारी हाय," आबा म्हणाले. नकाशा किती जुना आहे, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

रविवारी सकाळी निघालो. पुढं मी, मागं सुनंदा, मधे उभा बांधलेला पाळणा. भिगवण रस्त्याला लागलो आणि पडदा गेला. काळाठिक्कर. स्पीडब्रेकर आला, मी ब्रेक दाबला, पडदा आला. पाय काढला, गेला. पुन्हा दाबला, आला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी यंत्र मागच्या ब्रेकच्या दिव्याच्या तारेला जोडलं होतं. तार शोधायला गाडीवर बसलो तेव्हा पाय ब्रेकवर होता.

तुम्ही असता तर काय केलं असतं? यंत्र बंद ठेवून रस्ता विचारत गेला असता. मी इलेक्ट्रिशियन. बायकोला कसं सांगू? त्यात प्रत्येक वेळी उपग्रह नव्यानं शोधायला त्याला दोन मिनिटं लागायची. म्हणून मी ठरवलं, ब्रेक हलकासा दाबूनच ठेवायचा आणि गाडी ओढत न्यायची.

गाडी कण्हायला लागली. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकून गेला. जाता जाता ड्रायव्हर ओरडला, "ओ पावणं, थांबायचंय का जायचंय, ते एकदा ठरवा की."

"काय म्हणतोय तो?" सुनंदानं पाळण्यामागून विचारलं.

"यंत्र कुठनं आणलं म्हणतोय."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "कायतरी जळतंय वो."

"कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं असंल."

पाचट आमच्याबरोबर हायवेपर्यंत आलं आणि तिथून पुढंही जळत राहिलं.

पळसदेव आलं. पाटी होती, घरं होती. एक माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहून दोन्ही हात हलवत होता. मी उन्हातून नीट पाहिलं नाही. म्हटलं, यंत्र बघून लोक खूश होतायत. मीही हात हलवला आणि पुढं गेलो.

"अवो, गाव गेलं मागं."

"ही नुसती हद्द. गाव अजून दोन किलोमीटर आत हाय. डावीकडं."

डावीकडं कच्ची वाट होती. उसातून, मग बाभळीतून, मग चिखलातून. पडद्यावरचा दिशेचा काटा समोर, आकडा कमी होतोय, मी आनंदात. आणि बाभळी संपल्या तसं समोर पाणी. उजनीचं. या काठापासून त्या काठापर्यंत नुसतं पाणी, आणि काटा त्याच्या बरोबर मधे रोखलेला.

सुनंदा उतरली. एकदा पाण्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

काठावर एक म्हातारे मच्छीमार जाळ्याचा गुंता सोडवत बसले होते. मी विचारलं, "तात्या, पळसदेव कुठंशी आलं?"

त्यांनी पाण्यात बोट दाखवलं. "तितं."

"म्हंजे?"

"जुनं गाव तितं हाय. धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचं शिखर दिसतं. आता पाणी भरलंय. नवं गाव तुमी हायवेला सोडून आला की."

आबांचा नकाशा धरणाच्या आधीचा होता. यंत्र अगदी बरोबर होतं. चुकलो होतो तो फक्त मी.

तात्यांनी मागच्या चाकाकडं बघितलं. धूर येत होता. त्यांनी डबाभर पाणी ओतलं तशी चाकातून वाफ निघाली. "पाचट," सुनंदा म्हणाली. एवढंच.

बारशाला पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. बुद्धवंदना झाली होती, साडीची झोळी बांधून नाव ठेवून झालं होतं. दारात साडू उभे होते. "रस्त्यावर दोन्ही हातांनी थांबवत होतो तुमाला. तुमी टाटा करून गेला."

सासूबाईंनी पाळणा घेतला, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बाळाला पाळण्यात घालून बायकांनी नाव पुन्हा एकदा ठेवलं. माझं तोंड मेलेल्या कोंबडीसारखं.

तेवढ्यात साडूंची आई माझ्यापाशी आली. सत्तरीची बाई. हळूच म्हणाली, "जुन्या गावाला गेला हुता व्हय? त्या डबीत आमचं गाव हाय?"

"हाय की, आई. आकडा दिसतो, किती लांब हाय त्याचा."

"दावता का?"

दाखवायचं तर ब्रेक दाबायला हवा. मी अंगणात गाडीवर बसलो, किल्ली फिरवली, ब्रेक दाबला. दोन मिनिटांनी आकडा आला. म्हातारी त्याच्याकडं बघत राहिली. "बराबर," म्हणाली. "एवढंच लांब हुतं. देवळाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती."

तिनं हाक मारली आणि गावातली जाणती माणसं गोळा झाली. त्या काळी ही यंत्रं मुळात शंभरेक मीटर चुकायची, आकडा जागच्या जागी हलत राहायचा. आकडा कमी झाला की एक म्हातारबाबा म्हणायचे, "आता चावडी आली." वाढला की दुसरे म्हणायचे, "न्हाय, ही आमची विहीर." दोघं भांडायचे आणि हसायचे. डोळे पुसायचे ते वेगळंच. मला पाय काढू देत नव्हते. जेवणाचं ताट मला गाडीवरच मिळालं. पुरणपोळी डाव्या मांडीवर, पाय ब्रेकवर. सासूबाईंनी स्वतः येऊन तूप वाढलं.

दोन तास मी जुनं पळसदेव दाखवलं. मग पडदा फिका झाला आणि गेला. बॅटरी संपली. माझी गाडी बॅटरीशिवाय चालू होत नव्हती, आणि ढकलायचं म्हटलं तर सकाळी तापलेलं मागचं चाक आता गार होऊन जाम झालं होतं, फिरायलाही तयार नव्हतं.

गाडी साडूंच्या अंगणात ठेवली. एसटी त्यांच्या दारासमोरच थांबायची. आम्ही चढलो. कंडक्टर आला.

सुनंदानं पैसे काढले. "एक बारामती द्या."

कंडक्टरनं माझ्याकडं बघितलं. "आणि ह्यांचं?"

"ह्यांचं ह्यांना विचारा," ती म्हणाली. "ह्यांना कुठं जायचंय, ते ह्यांना उतरल्यावरच कळतं."