सरांच्या पिशवीतला निळा पट्टा

तारीख १४ जानेवारी, रविवार, सकाळचे साडेदहा. स्थळ हौगांग उपनगरातल्या दुकानांच्या वरच्या मजल्यावरची खोली. हजर आम्ही नऊ विद्यार्थी आणि सर. पट्ट्याची किंमत बत्तीस डॉलर, सरांनी स्वतःच्या खिशातून दिलेली. सरांनी मला पुढे बोलावलं, पिशवीतून निळा पट्टा काढला आणि वर्गातल्या वेई लिंगच्या हातात दिला. तिने माझ्याकडे पाहिलं, पट्ट्याकडे पाहिलं आणि इथल्या लकबीत म्हणाली, “नॉट येट लाह, सर.” सरांनी पट्टा परत पिशवीत ठेवला आणि पुन्हा चालायला लागले.

चालणं ही सरांची खूण. वर्गाचे दोन तास ते एकदाही बसत नसत. अनवाणी पायांनी मॅटच्या कडेकडेने फेऱ्या मारत. मी एकदा मोजल्या होत्या, तासाला एकशे दहाच्या आसपास भरल्या. नागपूरचे, पन्नाशीचे, नोकरीने धातूंवर संशोधन करणारे. ब्राझिलियन जिउ-जित्सू, म्हणजे जमिनीवरची कुस्ती, शिकवण्याचे पैसे घेत नसत. खोलीचं भाडं आम्ही सगळे मिळून भरायचो.

मी रॅफल्स प्लेसला एका बँकेत हिशेब तपासतो. चव्वेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी लिहून दिली आणि म्हणाले, काहीतरी हालचाल करा. म्हणून इथे आलो. या खेळात पांढऱ्या पट्ट्यानंतर निळा येतो, साधारण दोन वर्षांनी. माझी दोन वर्षं आणि पाच महिने झाले होते.

सरांचा एक रिवाज होता, तो मी दुसरीकडे कुठे ऐकला नाही. पट्टा देण्याची वेळ झाली असं सर ठरवत, पण बांधत ते नसत. वर्गातल्या सगळ्यात हलक्या माणसाने तो बांधायचा, आणि त्याला ‘नाही’ म्हणायचा हक्क. आमच्यात सगळ्यात हलकी वेई लिंग, प्राथमिक शाळेतली शिक्षिका. वजन सेहेचाळीस किलो. खेळात ती माझ्याहून चार वर्षं जुनी, पण मी ब्याऐंशी किलोचा.

त्या रविवारी परतताना एमआरटी मेट्रोत मला बसवेना. जागा असून दाराशी उभा राहिलो. घरी आल्यावर ही म्हणाली, “एवढं काय? कंबरेला बांधायचं कापड ते. तुमच्याकडे बँकेतले सात पट्टे आहेत.”

पुढच्या रविवारी मी एक्सेलचा तक्ता छापून नेला. बँकेत बढती अडली की आम्ही हेच करतो. हजेरी १११. सराव-कुस्त्या ६४०. समोरच्याने हार मानून मॅटवर मारलेल्या थापा ३८. सरांनी तो कागद चालता चालता, चष्मा कपाळावर सरकवून, शेवटपर्यंत वाचला.

“बेरीज बरोबर आहे भाऊ. पण यात वेई लिंगचं कोपर कुठे आहे?”

“तो कॉलम नाही, सर.”

“मग तक्ता अपुरा आहे.”

ऑक्टोबरमधली गोष्ट. तिचा हात माझ्या मांड्यांत धरून मी कोपराला ताण दिला होता. तिने थाप मारली आणि मी सोडलं. तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगत होतो. पूर्ण खरं असं की पहिली थाप मी ऐकली होती. ती नक्की थापच आहे ना, नोंद धरता येईल ना, एवढा विचार होईपर्यंत दुसरी आली. तीन आठवडे तिने फळ्यावर डाव्या हाताने लिहिलं. अडतिसातली एकोणतिसावी थाप ती.

तरीही मला राग होता. मी म्हणालो, “सर, तोआ पायोहला एक वर्ग आहे. दीडशे डॉलर फी, ठरलेली परीक्षा, पास झालं की पट्टा. नियम तरी कळतो. इथे एका व्यक्तीची मर्जी! तिच्या मनात डूख असेल तर?”

सर थांबले. मी त्यांना थांबलेलं तेव्हाच पाहिलं.

“असू शकतो. तो धोका आहेच. पण मी एकटा ठरवीन तर माझी मर्जी चालन ना? मी तर नुसता बाजूने चालून राहिलो. तुमच्याखाली सापडते ती. पट्टा पाहून नव्या माणसाला कळलं पाहिजे, का हा थाप ऐकतो.” मग पुन्हा पाय उचलत म्हणाले, “तिकडे जायचं तर जा भाऊ. चांगली माणसं आहेत तिथे. माझा राग नाही.”

मी गेलो नाही. मे महिन्याच्या शेवटी कळलं की सरांचा नोकरीचा करार संपतोय, इथे राहण्याच्या पासची मुदत जूनअखेर. उरले पाच रविवार. प्रत्येक रविवारी माझं लक्ष खेळात कमी आणि पिशवीकडे जास्त. शेवटच्या रविवारी सरांनी सगळ्यांशी हात मिळवले. माझ्यापाशी आले, म्हणाले, “पिशवी इथेच ठेवून चाललो. गोळी वेळेवर घेत जा.” बस, एवढंच.

“सर गेले, आता कशाला जाता?” हिने विचारलं. रविवारी नऊ वाजले की पाय घरात ठरत नसत. हजेरीची नोंद चालू ठेवली, ती सवय सुटणारी नाही. थापांचा कॉलम मात्र काढून टाकला.

ऑगस्टमध्ये पुन्हा वेई लिंगचं तेच कोपर माझ्या हातात आलं. हात सरळ होताना मला तिचं अंग आखडलेलं जाणवलं आणि मी सोडून दिलं. ती पडल्या पडल्याच वैतागली.

“व्हाय यू स्टॉप?”

“तू थाप मारणार होतीस.”

“नो लाह! आय वॉज एस्केपिंग! नेक्स्ट टाइम वेट फॉर द टॅप.”

म्हणजे याही वेळी माझा अंदाज चुकलाच. ती उठली, पाणी प्यायली, कोपऱ्यातली पिशवी उघडली आणि पट्टा घेऊन आली. माझ्या पोटाभोवती दोनदा फिरवला. टोकं पुरेनात, एक आखूड राहिलं. हजर आम्ही सातच होतो. पट्ट्याला टाचणीने चिठ्ठी लावलेली होती, सरांच्या अक्षरात: ‘रु. नव्हे, डॉलर ३२. पैसे बांधल्यावरच घेणे.’

मी तिथूनच नागपूरला फोन लावला. सर कुठेतरी चालत असावेत, श्वास ऐकू येत होता. “बांधला का तिने? बरं झालं,” म्हणाले. पैसे कुठे पाठवू, विचारलं.

“मला नको. तिलाच द्या. दुसऱ्या कोणाचा पट्टा आणावा लागन.”

बत्तीस डॉलर, रोख, वेई लिंगला दिले.