आरती थांबवणारी फुंकर

मंडळी, आज पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेलो होतो. माझ्या धाकट्या भावानं, विलासनं, जुनी दोन दारांची स्पोर्ट्स कार घेतलीय. तिची पूजा देवळासमोरच करायची, असं आईनं ठरवलं होतं.

नारळ फुटला. आई पेटलेलं निरांजन घेऊन बॉनेटपुढं वाकली, तेवढ्यात विलासची बायको सुनीता पुढं झाली आणि तिनं फुंकर मारून ते विझवलं.

"अगं बया! देवाचा दिवा तोंडानं फुंकतीस?" आई ओरडली.

"आत्याबाई, पेट्रोल गळायलंय. आधी लांब व्हा तुमी."

विलासनं बॉनेट उघडलं. इंजिनकडं जाणारा रबरी पाइप चिरला होता आणि थेंब थेंब पेट्रोल खाली पडत होतं.

"गाडी जुनी अन् हौस लय!" आईनं विलासला सुनावलं.

मी परभणीहून नवा पाइप आणि क्लिपा घेऊन आलो. तोवर इंजिन थंड झालं होतं. विलासनं पाइप बदलला, गाडी चालू करून पाहिली. गळती थांबली होती.

आईनं विझलेलं निरांजन ताटात ठेवलं. मग सुनीताचा हात धरून म्हणाली, "माझा पदर पेटला असता गं आज."

खरं सांगतो, वास मलाही आला होता. पण आरती मधेच कशी थांबवायची, म्हणून मी गप्प राहिलो. सुनीतानं सासूचा राग पाहिला नाही, की अपशकुन पाहिला नाही.

तुमच्यापैकी किती जणांनी अशी फुंकर मारली असती? मला वाटतं, नरसिंहाला ती आरतीइतकीच पोचली असेल.