दिवे मालवणारे दाजी

आमच्या दाजींइतका मोटारीला भिऊन वागणारा माणूस निजामाच्या अख्ख्या मुलखात दुसरा नसेल, आणि गंमत अशी की मोटार त्यांचीच होती. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. भालकीत त्यांची तुरीची आडत होती. आडतीवर त्यांचा आवाज पार वेशीपर्यंत जायचा. पण गुलबर्ग्याच्या एका जहागीरदारानं नवी मोटार आणली आणि त्याची जुनी दाजींनी घेतली, तेव्हापासून माणसाचे दोन भाग झाले. आडतीवरचे दाजी वेगळे आणि स्टेरिंगमागचे वेगळे. मोटारीबरोबर जहागीरदाराचा म्हातारा डायवर शिकवायला आला होता. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "सावकार, गडबड नक्को. स्टेरिंगपे हात ऐसा रखो, जैसा सोते बच्चेपे रखते." दाजींनी हे शब्दशः घेतलं. पुढची सगळी वर्षं ते मोटारीत बसले की आवाज खाली आणून बोलत, जणू खरंच कुणी तिथं निजलं आहे.

त्या मोटारीचा सगळा कारभार स्टेरिंगच्या चाकाभोवती होता. चाकाखाली दोन्ही बाजूंना मिशांसारख्या दोन दांड्या. डावी ठिणगीची, उजवी पेट्रोलची. मोटार सुरू करायला समोरून हँडल मारताना डावी दांडी वर नसली तर हँडल उलटं फिरून मारणाऱ्याचं मनगट मोडायचं. चाकाच्या बरोबर मध्यभागी दिव्यांचा खटका. थोडा फिरवला की लहान दिवे, आणखी फिरवला की मोठे. दाजी बसल्याबसल्या एकेकाला बोट लावून म्हणत, "डावी वर. उजवी जराशी खाली. दिवा मध्ये. काच तुमच्याकडं." हे म्हटल्याशिवाय मोटार सुरू करायची नाही. मागं बसलेली माणसं आधी हसायची, मग सवयीनं बरोबर म्हणायला लागायची. एकदा घाईत म्हणायचं राहिलं, तर दाजींनी भालकीची वेस ओलांडल्यावर मोटार थांबवली, बंद केली, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणून सुरू केली.

'काच तुमच्याकडं' याचा अर्थ शेजारी बसणाऱ्याला पाऊस आल्यावरच कळे. काच पुसायचा दांडा हातानं हलवायचा होता आणि मुळात तो चालवणाऱ्यासमोरच होता. पण दाजींचे दोन्ही हात कारभारात गुंतलेले. त्यांनी लोहाराकडून एक गज जोडून घेतला आणि दांडा शेजारच्याच्या हातात आणून दिला. तेव्हापासून पुढं बसण्याचा मान ज्याला मिळे, त्याला पुसण्याचं कामही मिळे. एकदा खुद्द तहसीलदार पुढं बसले होते. हुमनाबादच्या वाटेवर पाऊस लागला. दाजी हळूच म्हणाले, "साहेब, पुसा."

"कोण, मी?"

"मग काय जी? मला तिसरा हात न्हाई."

तहसीलदार शेरवानीची बाही वर सारून हुमनाबादपर्यंत काच पुसत गेले. उतरताना खांदा चोळत होते, पण पुढं कचेरीत सगळ्यांना सांगायचे म्हणे, "हम दोनों मिलके मोटार चलाए."

दिव्यांची गोष्ट याहून वेगळी. दिवेलागणीला खटका फिरवून दिवे लागले की दाजी चाकावरून हात काढून नमस्कार करीत. चालत्या मोटारीत. अक्का हे बघून आईला सांगायची, "घरातल्या समईला कधी हात जोडले न्हाईत, आन् मोटारीच्या दिव्याला जोडायलेत बघ." ती असं बोलायला लागली की दाजी लाजायचे. आडतीवर माणसं त्यांना भीत, आणि ते अक्काच्या हसण्याला.

आणि जेवढ्या भक्तीनं ते दिवे लावीत, तेवढ्याच भक्तीनं मालवीत. अंधारात समोरून बैलगाडी आली की ते मोटार कडेला घेत, दिवे पार मालवीत आणि गाडी निघून जाईपर्यंत तसेच बसून राहत. डोकं बाहेर काढून ओरडत, "सावकाश घ्या पाटील, दिवे मालवलेत!" हे एवढं एक वाक्य ते मोटारीतून मोठ्यानं बोलत. बाजाराच्या दिवशी गाड्यांची रांग असे, आणि मागची मंडळी कावून जात. कुणीतरी म्हणे, "सावकार, आम्ही आज पोचायचं का उद्या?" दाजी म्हणत, "बैलाच्या तोंडासमोर दोन सूर्य एकदम आले तर त्यानं जावं कुठं? त्याला काय डोळ्यावर हात धरता येतोय?" गाडीवान त्यांना दिवे मालवणारे सावकार म्हणूनच ओळखायचे. उसाच्या दिवसांत मोटारीत मोळी टाकून जायचे.

इथवरचं मी आजवर पुष्कळदा सांगितलं आहे, आणि लोक हसले आहेत. पुढचं सांगितलेलं नाही.

अक्का पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडं, खटकचिंचोळीला आली होती. मी तेव्हा शिकून गावच्या शाळेत मास्तर झालो होतो. भाद्रपदात एका पहाटे तिला कळा सुरू झाल्या. दुपार उलटली तरी सुटका होईना. सुईण हात धुऊन बाहेर आली आणि म्हणाली, "माझ्या हातचं न्हाई आता. बिदरला न्या." भालकीला घोडेस्वार पाठवला. दाजी मोटार घेऊन आले. अक्काला मागं आईच्या मांडीवर निजवलं. मी पुढं बसलो. दाजींचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. डावी वर, उजवी जराशी खाली.

पाऊस होताच. मी पुसत होतो. आभाळामुळं अंधार लवकर पडला. खटका फिरवून दिवे लावले तेव्हा दाजींनी हात जोडले नाहीत, हे मला आठवतं. पुढं एका नाल्यावर फरशी होती, म्हणजे बसका दगडी पूल, कठडे नसलेला, वरून घोटाभर पाणी वाहत होतं. आम्ही अलीकडं पोचलो तेव्हा पलीकडून बाजारच्या गाड्या फरशीवर आल्या होत्या. दाजींनी मोटार कडेला घेतली आणि दिवे मालवले.

"दाजी, आज तरी!" मी म्हणालो.

"दोन-तीनच दिसायल्यात, पाव्हणं. येऊ द्या."

"अक्काचं काय व्हायलंय ते दिसंना का तुम्हाला?"

"दिसायलंय," ते म्हणाले. "म्हणूनच. फरशीवर बैल बुजला तर रस्ताच जाईल."

मागून अक्का कण्हली. मोठ्यानं नाही. तसं कण्हणं मी पूर्वी ऐकलं नव्हतं. मी पुढं वाकलो, त्यांच्या हातांमधून हात घातला आणि खटका शेवटपर्यंत फिरवला.

मोठे दिवे लागले. फरशीवरच्या जोडीचे डोळे हिरवे चमकले आणि ती जोडी एका अंगाला ओढली गेली. चाक फरशीवरून खाली घसरलं आणि गाडी आडवी झाली. दाजींनी लगेच खटका मागं फिरवला, पण व्हायचं ते झालं होतं. माणसाला लागलं नाही, बैलही वाचले. फक्त रस्ता बंद झाला.

दाजी पाण्यात उतरले. गाडीवान शिव्या देत होता. दाजींनी हाक दिली तेव्हा आवाज ओळखून त्यानं विचारलं, "सावकार? तुम्ही व्हय? तुम्ही कामून दिवे लावलाव?"

"हात लागला माझा," दाजी म्हणाले. "चूक झाली."

पोती उतरवली, जू सोडलं, मागच्या गाड्यांतली माणसं खांदा लावायला आली. मीही लावला. ते सगळं आवरेपर्यंत मोटारीतून अक्काचा आवाज येत होता, आणि मग येईनासा झाला. बिदरला पोचल्यावर मुलगी वाचली. अक्का गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडं आधी..." आणि आमच्याकडं बघून थांबल्या.

अक्काचं तेरावं झाल्यावर अप्पांनी, माझ्या वडिलांनी, सगळ्यांच्या देखत दाजींना विचारलं, "वाटेत उशीर कामून झाला?" दाजींनी तोंड उघडायच्या आत मी बोललो. "गाड्यांसाठी मोटार उभी केली, दिवे मालवून." यात एकही शब्द खोटा नव्हता. दाजींनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मग ते स्वतःच्या हातांकडं बघत म्हणाले, "व्हय." त्या दिवसापासून अप्पा त्यांच्याशी बोलले नाहीत. मुलगी आमच्याकडं वाढली. दाजी सणावाराला येत, मोटार गावाबाहेर लावून चालत येत, आणि ओट्यावर बसून जात. पोर त्यांच्याजवळ जायची नाही. कळायला लागल्यावर तिनं एकदा मलाच विचारलं, "मामा, बापाला माझ्या आईपेक्षा बैल जास्त होते का?" मी तिला म्हणालो, अभ्यास कर.

संस्थान गेलं त्या साली मी भालकीला गेलो. सांगायचंच ठरवून गेलो होतो. पेट्रोल मिळत नव्हतं, मोटार पत्र्याखाली विटांवर उभी होती. दाजी आत बसले होते, दोन्ही दांड्यांवर बोटं ठेवून. आडतीवरची माणसं म्हणाली, रोज बसतात. मला बघून त्यांनी शेजारचं दार उघडलं.

"बसा पाव्हणं. काच तुमच्याकडं."

बाहेर लख्ख ऊन होतं. मी दांडा धरला आणि धुळीची काच पुसू लागलो. पुसता पुसता म्हणालो, "दाजी, त्या संध्याकाळी..." पुढचं येईना. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मग हात चाकाच्या मध्ये नेला आणि ज्या खटक्यात कधीपासून वीज उरली नव्हती तो हळूच मागं फिरवला.

"सावकाश घ्या," ते खालच्या आवाजात म्हणाले. "दिवे मालवलेत."

मी सावकाश घेतलं. इतकं सावकाश, की दाजी गेले आणि मी अजून फरशीवरच उभा आहे. मुलगी आता स्वतः लेकुरवाळी आहे. बापाचा विषय निघाला की ती उठून आत जाते. तिला वाचायची आवड आहे, तेव्हा हेही तिच्या हाती पडेल. पोरी, तुझ्या बापानं त्या संध्याकाळी दिवे मालवले होते. लावले ते मी.