मी हसत नव्हते

"मावशी, तुमच्या घरी कुणी हसतच नाही का हो?"

मॅडमनी असं विचारलं आणि सगळा हॉल खिदळला. मॅडम माझ्याच वयाच्या. पण मी वॉर्डात फरशी पुसते, पेशंटच्या चादरी बदलते. म्हणून मी मावशी.

सोलापुरातला खाजगी दवाखाना. पुण्याहून मॅडम ट्रेनिंग द्यायला आल्या होत्या. पेशंटच्या चेहऱ्यावरून त्याच्या मनातलं कसं ओळखायचं ते शिकवायला. पडद्यावर एकेक फोटो यायचा. राग, दुःख, भीती. नर्सबाया पटापट सांगत होत्या. मग दात दाखवून हसणारी एक बाई आली आणि मॅडमनी नेमकं मला उभं केलं.

मी म्हणाले, "भ्यालीय ती."

बरोबर उत्तर होतं आनंद. त्यावरच मॅडमनी तो प्रश्न विचारला.

मला ते हसू ओळखीचं वाटलं. आमचं गाव मंगळवेढ्याकडचं. आई मालकाच्या रानात ज्वारी काढायला जायची, मी तिच्या मागं. पेंढी सैल बांधली म्हणून मालक तिला चारचौघांत नको नको ते बोलायचा. आई हसायची. वरचा ओठ दातांना चिकटलेला, पदराचं टोक मुठीत. मालकापुढं रडलं तर नाटक, चिडलं तर माज. हसलं की सुटका. घरी भाकरी थापताना तिच्या तोंडावर काहीच नसायचं. तेव्हा मला हायसं वाटायचं. म्हणजे आता आई बरी आहे. चेहरे वाचायला मी अशी शिकले. फोटोतली बाई खुशीत असेलही. पण मला तसं हसू खुशीत कधी दिसलंच नव्हतं.

मॅनेजर मागं उभे होते. म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, ह्या लोकांकडून काय अपेक्षा ठेवायची? बघा, त्याच हसतायत. त्यांना काही वाटत नाही."

मी हसत होते. खरंच हसत होते. गाल दुखायला लागले तेव्हा कळलं.

अंगाचा तिळपापड झाला. माझ्या तोंडावर माझ्या आईचं हसू होतं आणि ते दाखवून हा माणूस सांगत होता की मला काही वाटत नाही.

"मी हसत न्हाय, सर," मी म्हणाले. "मला लई राग आलाय."

"काय?"

"राग आलाय म्हणलं. तुमाला दिसत नसंल म्हणून सांगते."

मॅनेजर लालबुंद. "उद्या सगळ्यांसमोर माझी आणि मॅडमची माफी मागायची. नाहीतर काम बंद."

दुपारी डबा खाताना माझ्याजवळ कुणी बसलं नाही. रोज माझ्या डब्यातली शेंगाचटणी हक्कानं घेणारी शांतासुद्धा नाही. ती लांबून बघत होती. कीव होती की भीती, मला कळलं नाही.

संध्याकाळी भवानी पेठेतल्या खोलीवर येऊन आईला फोन लावला. सगळं सांगितलं.

"हसून सोडायचं की गं पोरी," आई म्हणाली. "आपलं काय जातंय?"

निदान तिला तरी कळेल असं वाटलं होतं. गाव सोडतानाही मला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

"आपलंच जातंय, आये."

फोनवर चेहरा दिसत नाही. हसली की काय, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी मी वेळेवर कामावर गेले. माफी मागितली नाही. नोकरी गेली.

आता दुसऱ्या दवाखान्यात आहे. साहेबांच्या फालतू विनोदावर सगळे हसतात, मी हसत नाही. म्हणून इथं मला खडूस म्हणतात. डबा इथंही एकटीच खाते. पण माझा अपमान करून कुणी निवांत घरी जायचं, हे आता बंद. राग आला तर त्याच्या तोंडावर सांगणार, राग आलाय. आणि हसून कुणालाही सोडणार नाही.