मागचा प्रश्न

स्पिरिटच्या बोळ्यानं टॅबची काच पुसली की मला विश्रामबागेतल्या मुलांच्या दवाखान्यातली ती सकाळ आठवते. मी तिथे नर्स होते. डॉक्टरांकडे जाण्याआधी आईनं टॅबवर काही प्रश्नांची उत्तरं द्यायची, अशी पद्धत नुकतीच सुरू झाली होती. दाराशी चपलांचा ढीग, आत खोकणारी पोरं आणि बाकावर तीन महिन्यांचं बाळ घेऊन बसलेली एक सून. मी प्रश्न वाचत होते आणि उत्तरं देत होती तिची सासू. बाळ दूध पितं का, नीट झोपतं का, सगळं तिनंच सांगितलं. शेवटचा प्रश्न आईसाठी होता, गेल्या दोन आठवड्यांत सतत उदास वाटलं का? "आवं, उदास कशापायी? लय सुखात हाय ती," सासू म्हणाली. सून खाली बघत राहिली. रांग मोठी होती, मी 'नाही'वर बोट टेकवलं. मग सासूच बाळाला घेऊन वजनकाट्याकडे गेली. तेवढ्यात सून हळूच म्हणाली, "ताई, मागचा प्रश्न परत येतोय का?" मी तो आणून टॅब तिच्या हातात दिला. तिनं 'हो' दाबलं, काचेवरचा बोटाचा डाग पदरानं पुसला आणि टॅब मला परत केला. सासू आली तेव्हा ती पुन्हा खाली बघत होती. आता मी साताऱ्यात काम करते. त्या प्रश्नापाशी आले की सोबतच्या बाईला सांगते, बाळाला तेवढं वजनाला घेऊन जा. वजन तर आल्या आल्याच झालेलं असतं.