कांडीच्या बुडाचे चार वेढे

माझ्या साड्यांच्या घड्या मी पेटीत उलट्या ठेवते, दुमडलेली कड भिंतीकडे. आईची सवय, ती मला लागली. त्या दिवशी कामावरून आले, चहा टाकायच्या आधी पेटी उघडली, तर वरच्या दोन घड्यांच्या कडा माझ्या बाजूला होत्या. गेलं काही नव्हतं. पण कुणीतरी तळापर्यंत हात घालून बघितलं होतं, आणि मग आपल्या रीतीनं नीट लावून ठेवलं होतं.

खोलीला कुलूप होतं. दुसरी किल्ली एकाच माणसाकडे, घरमालकिणीकडे. तिला सगळं गाव बुढी माय म्हणायचं, मीही तेच म्हणायला लागले होते. ती अंगणात बसून मांडीवर कोशाचा, म्हणजे रानरेशमाचा, धागा वळत होती. मी दारातून बघितलं, तिनं बघितलं नाही. किंवा बघितलं आणि दाखवलं नाही. तेव्हा मला तिच्या सगळ्याच वागण्यात असं दुहेरी दिसायला लागलं होतं.

आम्ही आटपाडीकडचे. नवरा खोदाईच्या मशीनवर, कालव्याचं काम निघालं तसा ठेकेदारानं त्याला इकडं भंडाऱ्याला आणलं. गोंदिया वेगळा जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. ज्या शेडमध्ये मी पुढं कामाला लागले तिच्या पाटीवर अजून जुन्या, सगळ्या जिल्ह्याचा नकाशा होता. नवरा आठ-आठ दिवस कामावरच राहायचा. करडीकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या विणकरांच्या गावात मला ओळखीचं कुणी नव्हतं. पावसाळ्यात चहूकडं धानाचं पाणी, ताटात सकाळ-संध्याकाळ भात. भाकरीच्या आठवणीनं मला रडू यायचं, हे सांगायची आता लाज वाटते.

बुढी मायनं आम्हाला खोली दिली, आणि महिन्याभरात विणकरांच्या संस्थेत कामही मिळवून दिलं. कांड्या भरायच्या आणि शेड झाडायची. आधीची मुलगी लग्न होऊन बपेऱ्याकडं गेली होती. "पुनेवाली हाय, पन हात चांगला हाय," असं तिनं संस्थेचा कारभार बघणाऱ्या मास्तरला सांगितलं. मी पुणं अजूनही पाहिलेलं नाही. पण त्या गावाला पश्चिमेकडचं सगळं पुणंच. माझी शाळा सातवीत सुटली, हातात कसब काही नाही, अशा बाईला कोण उभं करतं? त्या बाईचे माझ्यावर उपकार होते. म्हणूनच पेटीला तिनं हात लावला असेल, हे मनात आलं की मी स्वतःलाच दटावायचे.

कांडी म्हणजे बोटाएवढी लाकडी नळी. तिच्यावर आडवा धागा भरायचा, ती धोट्यात बसते, विणकर धोटा या हातातून त्या हातात फेकतो आणि कापड वाढतं. रिकाम्या झालेल्या कांड्या टोपलीत परत माझ्याकडं यायच्या. पण त्या पुरत्या रिकाम्या नसायच्या. प्रत्येकीच्या बुडाशी तीन-चार वेढे शिल्लक. पहिल्यांदा वाटलं, विणकरांचा हात चुकतो. मग दिसलं, एकूण एक कांडीला तेवढंच शिल्लक.

कोशाचा धागा तो, सोन्यासारखा. आमच्याकडं घोंगड्याचं लोकरीचं टोक तुटलं तरी आजी शोधून काढून गाठ मारायची. मी काय केलं, त्या उरलेल्या टोकाला नवा धागा गाठला आणि वरून कांडी भरली. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं की हिला काम येत नाही, आणि मग काम गेलं असतं. गाठ इतकी बारीक की हाताला लागायची नाही. एक काडीही वाया घालवत नाही, या गोष्टीचा मला मनातल्या मनात गर्व होता. बोलून दाखवायची मात्र छाती नव्हती.

प्रत्येक मागाखाली कापडाची एक झोळी टांगलेली असायची. तुटका धागा, गुंता, टोकं त्यात टाकायची. महिनाअखेरीला बुढी माय आणि तिच्या वयाच्या आणखी चार बाया यायच्या, झोळ्या रित्या करून न्यायच्या. त्या सगळ्या एके काळी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणायला बसलेल्या. आता गुडघे गेले, डोळे गेले. झोळीतला गुंता राख लावून मांडीवर वळायच्या, जाड धागा करायच्या, त्याच्या शाली व्हायच्या. त्यावर त्यांचं मीठमिरची, पानसुपारी चालायची.

मी कामाला लागून महिना व्हायच्या आतच जिल्ह्याहून साहेब आले. शेडमध्ये सतरंजी टाकून सभा झाली. वाया जाणारा माल कमी करा, कारखाना असो की माग, जे फेकतो ते आपल्या घरचंच असतं, असं साहेबांनी चांगलं समजावून सांगितलं. मला ते मनापासून पटलं, मी तर आधीपासून तेच करत होते. मास्तर पुढं बसून माना डोलवत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं तागडी आणून टांगली. इथून पुढं झोळीतला माल तोलल्याशिवाय कुणी न्यायचा नाही.

पहिल्या महिन्यात तोललं. आधीच्या मुलीच्या वेळचा माल त्यात होता. दुसऱ्या महिन्यात पारडं निम्म्यालाही आलं नाही. मास्तरानं एक वजन उतरवलं, दुसरं उतरवलं, मग सगळ्यांकडं फिरून बघितलं.

"साहेब बोलून गेला तं माल आपोआपच कमी झाला का?" तो म्हणाला. "का पाय फुटले त्याले?"

 शेड संध्याकाळी शेवटी कोण झाडतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दिवसापासून मी आत शिरले की बोलणं थांबायचं. मागावरचा एक थट्टेखोर विणकर मुद्दाम मोठ्यानं म्हणायचा, "अवो पुनेवाली, झाडू जरा हलकाच मारजो. माहा धोटाबी झाडून नेशील." बाकीचे हसायचे. मीही हसायचे, आणि घरी येऊन भांडी घासताना रडायचे. मला कोड्याचं उत्तर खरंच माहीत नव्हतं. कांडीचं आणि झोळीचं काही नातं आहे, हे मनातच आलं नाही. मला वाटायचं कुणीतरी रोज नेतंय आणि माझ्या माथी मारतंय.

कोण? मी एकेकाला धरून बघायला लागले. मास्तर सगळ्यात शेवटी कुलूप लावतो, तोच नसेल? थट्टेखोराच्या बायकोला मांडीवर वळायला येतं. आणि बुढी माय! ती अधूनमधून दुपारी उगाच शेडमध्ये यायची, मागामागांतून फिरायची, वाकून झोळ्यांत बघायची. सगळ्यात जास्त कारण तिलाच होतं. एकदा ती तळ्यावर गेली तेव्हा मी तिच्या स्वयंपाकघरात शिरले. तांदळाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला. आत मऊ काही लागलं. कोशाच्या जाड धाग्याचे तीन गुंडे, फडक्यात बांधलेले.

मी ते जसेच्या तसे परत पुरले. हात धुतला. तरी दिवसभर हाताला कोशाचा तो ओला, जंगली वास येत राहिला. त्यानंतर दोनच दिवसांनी माझ्या पेटीतल्या त्या घड्या फिरल्या. मी ठरवलं, हिला कळलंय. आता ही चोरीचा माल माझ्या पेटीत ठेवणार आणि मला धरून देणार. मी रोज दोनदा पेटी उपसायला लागले.

तिसऱ्या महिन्याच्या तोलाच्या आदल्या दिवशी मी परसात बसून कांड्या भरत होते. शेडमध्ये सगळ्यांच्या नजरा टोचायच्या म्हणून मास्तराला विचारून कांड्या भरायचा रहाट घरी आणला होता. बुढी माय आली आणि काही न बोलता टोपलीतली एक भरलेली कांडी उचलली. टोक धरलं आणि उलगडायला लागली.

"अहो, भरल्याली हाय ती!" मी ओरडले.

ती थांबली नाही. धागा तिच्या मांडीवर साचत गेला. शेवटी बुडाशी आली. वरचा धागा पिवळा, चमकता. खालचे चार वेढे मळून काळपट झालेले. मध्ये माझी गाठ. तिनं ती डोळ्यापाशी नेली, मग नखानं चाचपली.

"हे गाठ कोनाची?"

मी रहाट थांबवला.

"हे आमच्या गावची गाठ नोहोय. आमी असी नाई मारत. किती दिवसापासून करून राहिली तू हे?"

"पहिल्यापासून," मी म्हणाले. "वाया जाऊ नाय म्हणून."

ती कपाळाला हात लावून खालीच बसली. मला वाटलं आता रागावेल. ती हसायला लागली, दात नसलेल्या तोंडानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"अवो बाई, ते वेढे कोनी विसरत नाई. ते सोडतेत. प्रत्येक कांडीले चार वेढे, बुढ्यांच्या नावानं. माही सासू होती तवापासून. कांडी भरनारीनं ते काढून झोळीत टाकाचे. त्या बपेऱ्यावालीले हे सांगा लागत नव्हतं, ते इथलीच होती. तुले कोनं सांगावं? सगळ्याइले वाटलं, तुले मालूम असन."

तेव्हा मला सगळं एकदम दिसलं. चार वेढे मी एकदाच अडकवले होते. त्यानंतर विणकर दर वेळी माझ्या गाठीपाशी येऊन थांबत होते, चार वेढे सोडल्याच्या समाधानात, आणि ते जुनेच चार वेढे फिरून फिरून माझ्याकडं येत होते. झोळीत काही पडतच नव्हतं. चोर नव्हताच. महिनाभर जिला मी शोधत होते, ती रोज सकाळी माझ्याच पदराला हात पुसत होती.

"उद्या मास्तरला सांगते," मी म्हणाले. "माझ्यावरला आळ तरी जाईल."

बुढी माय हसायची थांबली.

"सांग. सांगून टाक. तो तुही पाठ थोपटन. साहेबाले कागद लिहून पाठवन, का आमच्या शेडमध्ये आता काडी वाया जात नाई. मंग झोळ्या काढन. आमी पाच बुढ्या लेकासुनेच्या तोंडाकडे पाहात बसू." गुडघ्यावर हात टेकून ती उठली. "सांग, तुहं काम हाय."

नवरा कामावर होता. विचारायला कुणी नव्हतं. काम गेलं तर खोलीही जाईल, आणि नवऱ्याला सांगू काय? चोर म्हणून काढलं? साहेबांचं बोलणंही कानात होतं, वाया घालवू नका. मग हे वाया जाणं होतं की नव्हतं? सातवीपर्यंतच्या शाळेत असला हिशेब कुणी शिकवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मास्तरानं तोल धरला. पारड्यात मूठभर गुंता. त्यानं तागडी खाली ठेवली.

"बाई," तो मला म्हणाला, "गावातल्या बायांची झडती घ्याची पद्धत आपल्या इथं नाई. तुम्ही स्वतः सांगा."

सगळे माग थांबले. एरवी त्या शेडमध्ये खटखट इतकी की शेजारच्याचं ऐकू येत नाही. त्या वेळी बाहेर सायकलची साखळी वाजली ती ऐकू आली. माझ्या जिभेवर गाठ, कांडी, वेढे, सगळं आलं. मी बुढी मायकडं बघितलं. ती दुसरीकडं बघत होती, आडूनसुद्धा मला काही खुणावत नव्हती. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "मी नाही नेलं. आणि मला दुसरं काही सांगायचं नाही."

"म्हंजे मालूम हाय, पन सांगत नाई?"

मी मान खाली घातली.

"तिले काय विचारून राहिला?" बुढी मायचा आवाज आला. "म्या नेला."

मास्तर वळला. "तुमी? कवा?"

"दुपारी येत होतो ना मी. तू जेवाले जात होता तवा. तुह्या तागडीवर माहा भरोसा नाई, म्हनून तोलाच्या आधीच नेला. तांदळाच्या कोठीत हाय, ये पाहाले."

मी दचकून तिच्याकडं बघितलं. कोठी! तिथं तर तिच्याच आधीच्या वाट्याचे वळलेले गुंडे होते.

"बुढी माय, असं कोनी करते का?" मास्तर पार ओशाळला होता. "मागून घ्याचं ना."

"जे आमचंच हाय ते मांगाचं? तुले खड्ड्यात बसवून धोटा फेकाले कोनं शिकवलं? तवा तुह्या बोटाइले गुंता झाला तं म्या सोडवला, का तागडीवर तोलला?"

थट्टेखोर विणकर मोठ्यानं हसला. मग सगळेच हसले. मास्तरानं "पुढच्या महिन्यात तोल बरोबर आला पाहिजे" एवढं बजावलं आणि तागडी उचलून आत गेला. माग पुन्हा सुरू झाले.

पुढच्या महिन्यात तोल बरोबर आला. मी रोज प्रत्येक कांडीचे चार वेढे काढून झोळीत टाकत होते, टाकताना हात अडखळायचाच. संस्थेत वाया जाणारा माल वाढला आणि शेडमध्ये माझ्याशी सगळे बोलायला लागले. जिल्ह्याला काय कळवलं ते मास्तरालाच ठाऊक.

तिसऱ्या महिन्याच्या त्या तोलाच्या दिवशी संध्याकाळी मात्र मी सरळ तिच्यासमोर जाऊन बसले होते. ती धागा वळत होती. चोरीचा डाग तिनं अंगावर घेतला होता आणि पाय धरावेत असं वाटत होतं. पण मनातली पाल चुकचुकायची थांबत नव्हती. तिनं मला वाचवलं की झोळीला? आणि मी तोंड उघडून सगळं सांगून टाकलं असतं, तर ती बोलली असती का? हे मी तिला कधी विचारलं नाही. आज ती नाही, मी अजून याच गावात आहे, आणि उत्तर मला अजून माहीत नाही. मी विचारलं ते दुसरंच.

"माझी पेटी तुमीच बघितली ना?"

"हो," ती मान वर न करता म्हणाली. "मले वाटलं, तूच नेऊन राहिली. आन माह्या कोठीत हात कोनं घातला होता? तांदूळ सारा कोठीभवती सांडला होता."

 तिनं धाग्याला एक पीळ दिला, थुंकी लावली, आणि म्हणाली, "तू घड्या उलट्या ठेवते, हे पहिले सांगाचं ना. म्या तसीच लावून ठेवली असती."