हाताखालचा हात

माझा डावा हात मनगटातून वाकडा जुळला, तेव्हा मला दुःख हाताचं नव्हतं. आम्हा लिंगायतांत गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन रोज पूजा करतात. माझा तळहात सरळ होईना आणि लिंग त्यावर ठरेना. लोक म्हणत, पाटावर ठेवून दोन बेलाची पानं वाहा, देव काय रागावतो? देव रागावत नसेल, मीच त्याच्यावर रागावले होते. मी बालविधवा, मूल नाही, माहेर उरलेलं नाही. सकाळी तळहातावर येणारा तो गारवा, एवढंच माझं म्हणावं असं होतं. त्याची इतकी ओढ लागे की हातातलं काम सुटे.

हे झालं सोलापुरातल्या इस्पितळात. मी तिथं नर्स होते. अक्कलकोटकडची एक बाई मानेवर मोठं गळू घेऊन आली. ते फोडायचं तर गळ्यातला दोरा काढणं भाग होतं. लिंग अंगावेगळं होऊ द्यायचं नाही ही आमची रीत, म्हणून मी ते तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं, वर तिची बोटं मिटली आणि स्वतःवर खूश झाले. माणूस गेलं की पुरताना आमच्यात लिंग असंच हातात देतात, हे मला तेव्हा का सुचलं नाही देव जाणे. क्लोरोफॉर्मच्या गुंगीत तिला खाटेवर आणलं, आणि भाऊ भेटायला आला. त्याची नजर थेट त्या हातावर गेली.

"अक्का गेली की," एवढंच तो म्हणाला आणि दाराचा अडणा उचलून माझ्यावर धावला. डोकं वाचवायला मी डावा हात वर केला, घाव मनगटावर बसला. दुसरा घाव पडणार तोच खाटेवरची बाई कण्हली. तो मटकन खाली बसला.

हाड जुळल्यावर मी कामावर परतले, पण पूजेवाचून दिवस कोरडे जात. दर सोमवारी सिद्धरामेश्वराच्या तळ्याच्या पायरीवर बसायचं, लिंग हातावर घ्यायचं, घसरू लागलं की छातीशी धरून रडायचं. एकदा शेजारी एक अनोळखी म्हातारी येऊन बसली. काही न विचारता तिनं आपला हात माझ्या हाताखाली धरला. लिंग ठरलं. मी पाणी घातलं, विभूती लावली, बेल वाहिला. तिचा हात जरासुद्धा हलला नाही.

"कुठल्या तुम्ही, आजी?"

"हितलीच की. एकटीनं कशाला करतीस? हात मागावा मानसानं."

मी डोळे पुसून पाहते तो ती निघून गेलेली. ती कोण, याचा वाद मी घालत नाही. तिला मात्र अजून शोधते.

मग मी वॉर्डातल्या बायांकडे हात मागू लागले. एका सकाळी कुणीच उठून बसण्यासारखी नव्हती. दारात तो भाऊ उभा होता, बहिणीला दाखवायला घेऊन आलेला.

"मी धरू का, बाई?"

मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण मी हात मागितला होता. तो कुणाचा यावा हे ठरवणारी मी कोण? मी गळ्यातलं लिंग सोडून तळहातावर घेतलं. त्यानं आपला हात माझ्या हाताखाली धरला. पूजा पुरी झाली. कितीतरी दिवसांनी मी सिद्धरामाला पोटभर नमस्कार केला.

"उद्या येऊ?" त्यानं खाली मान घालून विचारलं.

"ये," मी म्हटलं.